रोझव्हिलची फुलदाणी खरी की नक्कल? बूड सगळ्यात शेवटी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसजवळच्या एका अँटिक मॉलमध्ये तुम्हाला मॅग्नोलियाच्या फुलांची निळी, ८ इंची फुलदाणी दिसली. बुडावर उठावाच्या अक्षरांत ‘रोझव्हिल’ हे जुन्या अमेरिकन कारखान्याचं नाव आणि त्याखाली आकडा आहे, ‘यू.एस.ए.’ मात्र नाही. एका कानाखाली, म्हणजे धरायच्या कडीखाली, केसासारखी रेघ आहे. विक्रेता ९५ डॉलर मागतोय आणि ‘जुन्या वस्तूला रेघा असायच्याच’ असं सांगतोय. ही खरी आहे का, घ्यावी का, संग्रहाची सुरुवात हिच्यापासून करावी का, आणि डिसेंबरात पुण्याला नेताना फुटणार तर नाही ना, असे चार प्रश्न तुम्ही विचारलेत.

आधी उत्तर देतो: वर्णनावरून तरी घेऊ नका. फोटोत रंग आणि आकार दिसतो, वजन आणि आवाज कळत नाही, त्यामुळे हातात न घेता शंभर टक्के सांगणं चुकीचं होईल. पण ‘यू.एस.ए.’ नसणं आणि कानाखालची रेघ या दोन गोष्टी एकत्र आल्यावर ९५ डॉलर देण्यासारखं त्यात काही उरत नाही. आता कारणं सांगतो, कारण पुढच्या दुकानात तुम्हाला तीच उपयोगी पडतील.

तुम्ही फुलदाणी उचलली आणि आधी उलटी करून बूड वाचलंत. बहुतेक सगळे नवे संग्राहक हेच करतात. नाव वाचलं की मन ‘सापडली!’ म्हणतं आणि मग डोळे बाकीच्या खुणांना माफ करत जातात. नकलाकारालाही सगळ्यात सोपं काय असेल तर बुडावरचं नाव उठवणं. म्हणून माझा क्रम उलटा असतो: आधी हातात वजन, मग तोंडाची कड, कान, नक्षी, रंग, आवाज, आणि बूड सगळ्यात शेवटी. तोवर मत तयार झालेलं असतं, बूड फक्त त्याला दुजोरा देतं किंवा ते मोडतं.

ही भांडी कशी बनत ते कळलं की काय बघायचं ते आपोआप कळतं. रोझव्हिल पॉटरी १८९० मध्ये ओहायोतल्या रोझव्हिल गावात सुरू झाली, पुढे कारभार शेजारच्या झेन्सव्हिलला गेला आणि १९५४ मध्ये बंद पडली. या भागात चांगली माती होती, भट्टीला लागणारा कोळसा आणि नैसर्गिक वायू होता, म्हणून वेलर, रोझव्हिल, मॅककॉय, हल असे कारखाने थोड्या मैलांच्या टापूत उभे राहिले. सुरुवातीला हाताने रंगवलेल्या फुलदाण्या होत. नंतरचा, म्हणजे तुम्हाला दुकानांत दिसतो तो बहुतेक माल, साच्यातला. मातीचा पातळ घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतायचा. प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि भिंतीलगत मातीचा थर धरतो. थर पुरेसा जाड झाला की उरलेला घोळ ओतून टाकायचा. साच्यातून निघालेल्या भांड्याचे सांधे पुसायचे, भाजायचं, नक्षी हाताने रंगवायची, मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, चढवून पुन्हा भाजायचं. साचा ताजा असेल तर पाकळीवरची शीरसुद्धा उमटते. शेकडो भांडी काढल्यावर साचा झिजतो आणि नक्षी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते. म्हणजे खऱ्या मालातही धारदार आणि पुसट असे दोन प्रकार सापडतात. दोन्ही समोर असतील तर धारदार घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी चालेल.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये बनलेल्या नकला अमेरिकेत मोठ्या संख्येने आल्या आणि त्यात रोझव्हिलची मॅग्नोलियासारखी लोकप्रिय फुलंच जास्त होती. आयात मालावर मूळ देशाचं नाव लागतं, पण ते कागदी चिकटपट्टीवर असलं तरी चालायचं. पट्टी काढली की उरलं फक्त ‘रोझव्हिल’. सुरुवातीच्या नकलांवर ‘यू.एस.ए.’ नव्हतं, म्हणून ‘यू.एस.ए. नाही म्हणजे खोटी’ असा नियम लोकांच्या तोंडी बसला. तो अर्धाच खरा आहे, आणि हा मुद्दा नीट लक्षात घ्या.

रोझव्हिलच्या खुणा काळाप्रमाणे बदलत गेल्या. १९२० च्या दशकात शाईचा ‘आरव्ही’ शिक्का होता. त्यानंतर काही वर्षं नुसते कागदी किंवा चांदीसारख्या पन्नीचे लेबल होते, ते धुण्यात गेलं की बूड कोरंच. १९३० च्या दशकात मातीत दाबलेली, वळणदार अक्षरांतली सही आली. ‘रोझव्हिल यू.एस.ए.’, आकाराचा क्रमांक आणि इंच हे सगळं उठावात येतं ते साधारण १९४० पासून पुढे. १९३५ ला निघालेल्या पाइन कोन या नक्षीच्या सुरुवातीच्या भांड्यावर ‘यू.एस.ए.’ नसेल तर ते अगदी बरोबर आहे. मॅग्नोलिया मात्र १९४३ ची. तिच्या बुडावर ‘यू.एस.ए.’ हवंच. तेव्हा प्रश्न ‘यू.एस.ए. आहे का’ एवढाच नसतो, ‘या नक्षीच्या वर्षाला ही खूण जुळते का’ असा असतो. आणि नंतरच्या काही नकलांवर ‘यू.एस.ए.’ सुद्धा आलं, त्यामुळे ते असल्यानेही निश्चिंत होऊ नका.

आकड्याचा एक चांगला उपयोग आहे. बुडावर ‘९१-८’ असेल तर ९१ हा आकाराचा क्रमांक आणि ८ म्हणजे इंच. खिशात लहान टेप ठेवा आणि उंची मोजा. कोणी अस्सल फुलदाणीवरूनच साचा काढून नक्कल केली असेल तर माती सुकताना आणि भाजताना पुन्हा आकसते. मातीप्रमाणे आणि भट्टीप्रमाणे हे आकसणं ५ ते १० टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे ८ इंचांची वस्तू साडेसात किंवा त्याहून थोडी कमी भरते. अस्सल मालातही पाव इंच इकडेतिकडे होतं, तेवढ्यावर आरोप करू नका. अर्धा इंच गेला असेल तर मात्र भांडं परत शेल्फवर ठेवा.

रंगाकडे बघताना खिडकीपाशी जा. मॅग्नोलिया तीन रंगांत निघाली: निळा, हिरवा आणि तपकिरी. पार्श्वभूमी मॅट, म्हणजे चमक नसलेली, आणि खरखरीत पोताची असते आणि रंग एका छटेतून दुसरीत विरघळत जातो. पाकळ्या पांढऱ्या, पण आत हलकी सावली असते. नकलेत निळा एकसुरी आणि भडक, फांदीचा रंग रेषेबाहेर गेलेला, पाकळी कोरी पांढरी, आणि बुडावरची अक्षरं ग्लेझखाली बुजलेली अशी लक्षणं एकत्र दिसतात. एकच लक्षण दिसलं तर थांबा, विचार करा. तीन दिसली तर विचार करायची गरज नाही.

आता ती रेघ. विक्रेत्याने दोन वेगळ्या गोष्टी एक केल्यात. एक असते जाळी, जिला इथे क्रेझिंग म्हणतात. ग्लेझ आणि खालची माती गार होताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, शिवाय सच्छिद्र माती वर्षानुवर्षं हवेतला ओलावा शोषून किंचित फुगते, मग ग्लेझ ताणला जाऊन बारीक जाळीत फाटतो. ती फक्त ग्लेझमध्ये असते, सगळीकडे पसरलेली असते आणि जुन्या मालात बहुधा दोष धरत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे तडा. तो मातीतून आरपार जातो. कानाखाली, जिथे कान पोटाला मिळतो तिथे, एकटी रेघ असेल तर आधी तडाच समजा, कारण बहुतेक लोक भांडं कानाला धरून उचलतात आणि सगळा ताण तिथेच येतो.

तपासायची पद्धत आपल्याकडच्या बायका मडकं घेताना वापरतात तीच. भांडं डाव्या तळव्यावर मोकळं ठेवा, बोटांनी आवळू नका, आणि उजव्या हाताने कडेवर टिचकी मारा. अखंड भांडं खणकतं, तडा असलेलं बद्द वाजतं. जाडजूड कुंड्या अखंड असूनही बद्द वाजतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका. छोटा टॉर्च आत धरून बाहेरून बघा, मग बाहेर धरून आतून बघा. रेघ दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसली तर तडा आहे.

दुरुस्ती लपवलेली असेल तर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधाऱ्या कोपऱ्यात वापरा. तो फार महाग नसतो. इपॉक्सी (जोडायला वापरतात तो घट्ट गोंद), नवा रंग आणि वार्निश बऱ्याचदा आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा वेगळे चमकतात किंवा डागासारखे काळे पडतात. दुरुस्त जागा हाताला थोडी कोमट आणि प्लॅस्टिकसारखी लागते, ग्लेझ थंड लागतो. विकत घेतल्यावर खात्री करायची असेल तर कापसावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन लपलेल्या जागी हलकेच फिरवा, वरचा नवा रंग कापसावर येतो. दुकानात विचारल्याशिवाय हे करू नका, आणि मॅककॉयच्या बिस्किटांच्या बरण्यांवर तर अजिबात नको. त्यांच्यावरचे बरेच रंग ग्लेझच्या वरून, न भाजता दिलेले असत. अ‍ॅसिटोनने तो अस्सल रंगच निघून जाईल.

आणखी एक जागा हमखास नजरेतून सुटते: बुडातलं भोक. अनेक फुलदाण्यांचे नंतर टेबललॅम्प केले गेले. भोकाच्या आतल्या भिंतीवर ग्लेझ असेल तर ते कारखान्यातलंच. आत कोरी, खरवडलेली माती दिसली तर ते नंतर पाडलंय, आणि किंमत मोठ्या प्रमाणात खाली येते. बुडाच्या कडेला बारीक टवके दिसले तर तेही वेगळे ओळखायला शिका. भट्टीत खाली गळलेला ग्लेझ कारखान्यात घासून काढत, तेव्हा उडालेले छोटे टवके खपवून घेतले जातात. तोंडाच्या कडेचा टवका खपत नाही.

सुरुवात कुठून करावी, हे तुम्ही किती खर्च करणार आणि घरात जागा किती यावर अवलंबून आहे. तरीही नव्या माणसाला मी रुकवुडची साध्या, एकरंगी मॅट ग्लेझची साच्यातली छोटी भांडी सुचवतो, कारण त्यांची तारीख बुडावरच लिहिलेली असते आणि चार भांड्यांत डोळा तयार होतो. मरिया लाँगवर्थ निकल्स यांनी सिनसिनाटीत १८८० मध्ये ही पॉटरी सुरू केली. १८८६ मध्ये उलटा आर आणि पी पाठीला पाठ लावलेली खूण आली आणि १८८७ मध्ये तिच्यावर एक ज्योत आली. दरवर्षी एक ज्योत वाढत गेली आणि १९०० मध्ये १४ ज्योती झाल्या. १९०१ पासून ज्योती १४ च राहिल्या आणि खाली रोमन आकडा येऊ लागला.

आता समजा तुमच्या हातात पाच इंची, मॅट निळं भांडं आहे. उलटं केल्यावर १४ ज्योती मोजता येतात, खाली ‘एक्स एक्स आय व्ही’ म्हणजे २४, त्याखाली एक क्रमांक आणि शेजारी ‘ई’. वाचन असं: वर्ष १९२४, क्रमांक आकाराचा, ‘ई’ मापाचा. मापात ‘ए’ सगळ्यात मोठा आणि ‘एफ’ सगळ्यात लहान. चित्रकाराची खूण कुठेच नाही, म्हणजे हा साच्यातला माल. मातीत कोरलेली आद्याक्षरं असती तर हाताने सजवलेलं भांडं, आणि किंमत वेगळ्याच पायरीवर. १८८७ पासून तिथे काम केलेल्या काटारो शिरायामादानी यांची सही जपानी अक्षरांत असते. खुणेवर ग्लेझ कापत गेलेली फुली दिसली तर कारखान्यानेच तो दुय्यम माल ठरवला होता. कारण कधी साधं असतं, एखादा ग्लेझचा फोड किंवा सुटलेली जागा. घरात ठेवायला उत्तम, पण पहिल्या प्रतीची किंमत देऊ नका.

हलचा माल आवडत असेल तर एक तारीख पाठ करा: १६ जून १९५०. क्रुक्सव्हिलमधला कारखाना त्या दिवशी पुरात आणि पाठोपाठच्या आगीत गेला आणि १९५२ मध्ये पुन्हा सुरू झाला. फिकट गुलाबी-निळ्या मॅट फुलदाण्या त्याआधीच्या, चकचकीत ग्लेझचा माल मुख्यतः त्यानंतरचा. दोन्ही एकाच शेल्फवर ‘१९४० चं’ अशा चिठ्ठीने ठेवलेले असतात, तिथे ही तारीख उपयोगी पडते. बिलॉक्सीचे कुंभार जॉर्ज ओर किंवा न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम महाविद्यालयातली भांडी यांच्यामागे पहिली दोन वर्षं लागू नका. ओर यांच्या ग्लेझ न दिलेल्या भांड्यांवर नंतर कोणी ग्लेझ चढवून विकल्याची उदाहरणं आहेत, आणि असं काम ओळखायला हाताखालून बरीच अस्सल भांडी जावी लागतात. ती आधी संग्रहालयात बघा. तुम्ही कोलंबसला आहात, सिनसिनाटी आर्ट म्युझियममधली रुकवुड आणि झेन्सव्हिल म्युझियम ऑफ आर्टमधली स्थानिक भांडी दोन्ही एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत.

जेवणाच्या ताटल्या गोळा करायचा मोह झाला तर जुन्या फिएस्टाबद्दल सावध करतो. होमर लॉफलिन या कारखान्याने १९३६ मध्ये काढलेल्या या भांड्यांच्या नारिंगी-लाल ग्लेझमध्ये युरेनियम ऑक्साइड होतं, आणि जुन्या रंगीत ग्लेझमध्ये शिसंही असू शकतं. शेल्फवर ठेवायला हरकत नाही. लिंबाचं लोणचं, सोलकढी, टोमॅटोचं सार अशा आंबट पदार्थांना मात्र ती वापरू नका, कारण आंबटाने शिसं ग्लेझमधून सुटतं. १९८६ पासूनची नवी फिएस्टा शिसेविरहित आहे, ती वेगळी.

किंमतीबद्दल: ऑनलाइन बघताना मागितलेली किंमत वाचूच नका, ‘विकलेल्या वस्तू’ हा पर्याय निवडा आणि त्याच नक्षीच्या, त्याच क्रमांकाच्या, त्याच रंगाच्या निदान पाच विक्री बघा. रंगाने फार फरक पडतो, पाइन कोनमध्ये निळ्याला तपकिरी-हिरव्यापेक्षा जास्त मागणी असते. चाळीसच्या दशकातल्या फुलांच्या रोझव्हिलचे भाव नव्वदच्या दशकातल्या उंचीवरून खाली आलेत. जुनी किंमत-पुस्तकं नक्षी ओळखायला वापरा, भावासाठी नको. लिलावात हातोडा पडतो त्या आकड्यावर खरेदीदाराचं शुल्क लागतं, ते बऱ्याचदा २० ते २५ टक्के असतं, तेव्हा तुमची मर्यादा ते धरून ठरवा.

घरी आणल्यावर डाग काढायला ब्लीच कधीही वापरू नका. क्लोरीनचं ब्लीच जाळीतून मातीत शिरतं, सुकल्यावर त्याचे क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी ग्लेझचे पापुद्रे उडायला लागतात. तेव्हा काहीच करता येत नाही. चहासारखे तपकिरी डाग असतील तर केसांच्या दुकानात मिळणारं ४० व्हॉल्यूमचं, म्हणजे १२ टक्क्यांचं, पारदर्शक हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, क्रीमचं नको. हातमोजे घाला. भांडं आधी साध्या पाण्यात भिजवा, मग पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस डागावर लपेटून सैल पिशवीत दोन-तीन दिवस ठेवा. डाग राहिला तर पुन्हा करा. शेवटी स्वच्छ पाण्यात एक दिवस, पाणी दोनदा बदलून, आणि हवेशीर जागी आठवडाभर वाळवा. न भाजलेला रंग, सोनेरी काम किंवा दुरुस्ती असलेल्या भांड्याला यातलं काहीच करू नका.

पुण्याला नेताना शक्यतो हातातल्या बॅगेत न्या. आत मऊ कागद भरा, पण ठासून नको, आतून दाब आला की जुना तडा उघडतो. कानांच्या पोकळीत कागदाच्या गुंडाळ्या घाला म्हणजे कान अधांतरी राहत नाही. मग भोवती बबलचे दोन-तीन वेढे. बबल थेट मॅट ग्लेझला लावू नका, उष्णतेत त्याचे गोल ठसे उमटू शकतात, मध्ये साधा पांढरा कागद ठेवा. वर्तमानपत्र नको, कोऱ्या बुडाला शाई लागते. सामानात टाकावंच लागलं तर पेटीत पेटी, दोन्हींमध्ये सगळ्या बाजूंनी किमान २ इंच भरण. हलवून बघा, आत काहीही सरकता कामा नये.

आणि पुण्यातल्या घरी कोणी ना कोणी त्यात निशिगंध ठेवणारच, तेव्हा आतमध्ये उंच, अरुंद काचेचा ग्लास उभा करून पाणी त्यात घाला. जाळी पडलेल्या ग्लेझमधून पाणी मातीत झिरपतं आणि दोन-तीन दिवसांत बुडाखालच्या लाकडावर पांढरट गोल उमटतो.